उघड्या विषाणूंची स्वेटरं

शिक्षिकेनं वर्गाबाहेर पिशवी उघडली. आत आत्यानं विणलेले लोकरीचे सात विषाणू होते, आणि सातही जणांच्या अंगात स्वेटर. तेही पक्कं शिवून टाकलेलं.

दहा मिनिटांनी तिचा विषाणूंवरचा नमुना तास होता. मोठ्या बाई मागच्या बाकावर बसून बघणार होत्या. तास जमला तर नोकरी कायम, फसला तर घरी.

"अगं आत्या, हे काय?"

"मग? उघडी लेकरं चारचौघांत पाठवू?"

"ही उघडीच असतात! जुलाब-उलट्यांचे विषाणू आहेत हे. आत जनुकांचा एकेरी धागा, वर प्रथिनांचं कवच, संपलं. वर तेलकट आवरण असतं ती जात वेगळी. ती साबणानं विरघळते. हे साबणाला सहज दाद देत नाहीत."

"म्हणजे कपड्यातला आंघोळीनं मरतो आणि नागडा ठणठणीत? काय बाई हे घराणं!"

एकीनं कात्री चालवली, दुसरीनं दात. शेवटची बाही निघाली आणि घंटा झाली.

टेबलावर उशीची पेशी बसली. पेशीला काजं, विषाणूंना गुंड्या. गुंडी काजात बसली की पाहुणा घरात, अशी सगळी योजना. पहिला विषाणू लावला. गुंड्या जाड, तो घरंगळला. दुसरा घरंगळला. तिसरा, चौथा काजात नाक खुपसून खाली पडले. वर्ग खिदळू लागला. मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं. पाचवा मात्र असा टच्च बसला की ओढून निघेना. सहावा-सातवा तर बिनगुंडीचे गोळे.

"पाचवाच का हो बसला?" मोठ्या बाईंनी विचारलं.

शिक्षिकेनं पाचव्याची गुंडी चाचपली. दारातून आत्याच बोलली, "पहिला मी कागद बघून विणला. मग चष्मा सापडेना. दुसरा पहिल्यावरून, तिसरा दुसऱ्यावरून. तिसऱ्याच्या गुंडीचा टाका गळला, तो चौथ्यातही उतरला. पाचव्यात आणखी एक गळला, गुंडी बारीक झाली. पुढच्यांच्या तर गुंड्याच गेल्या."

"मुद्दाम?"

"अहो, मुद्दाम कोण चुकतं?"

शिक्षिकेनं टाळीच वाजवली. "अगदी हेच, बाई! विषाणूही ठरवून बदलत नाही. पेशीत शिरला की त्याच्या नकलांवर नकला निघतात, आणि नकलेत चूक होते. बहुतेक चुका वाया जातात. एखादी नेमकी काजात बसते, मग तिचीच पिल्लावळ वाढते."

"आणि हा सातवा?"

"त्याचा वंश खुंटला, बाई."

मोठ्या बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "नोकरी कायम," त्या म्हणाल्या आणि कागदावर सही केली.

"वा गं वा," आत्या सातव्याला कुरवाळत पुटपुटली, "चुका माझ्या, आणि नोकरी हिची!"