पाठीमागचे टाळ

आमच्या भागात पेटीवाला एकच, तो मी. देवळातल्या हरिकीर्तनाला मी आणि चर्चच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी होणाऱ्या ख्रिस्ती कीर्तनालाही मीच. पेटी कुणाची, हे देव विचारत नाही. भाता मनापासून हलला म्हणजे झालं.

भुईगावात ख्रिस्ती कीर्तन करतो इग्नेशियस. सत्तरी ओलांडली, पण हरवलेल्या मेंढराची कथा गाऊ लागला की मांडवातली पोरं हातातला खाऊ विसरतात. त्याच्या मागे तीस वर्षं टाळ घेऊन प्लासिड उभा. कीर्तनकाराचं तोंड लोकांकडे, साथीदार पाठीशी. त्यामुळे टाळ त्याला दिसत नाहीत, नुसत्या कानावर तो लय उचलतो.

यंदा सणाला आठ दिवस असताना तालमीत इग्नेशियस मध्येच थांबला. मागे न वळताच म्हणाला, "प्लासिड, टाळ हातात घेऊन झोपतोस काय रे?"

"वाजवतोय की!"

"हे वाजवणं? केळीची पानं आपटल्यासारखं?"

गाणाऱ्या पोरी फिसकन हसल्या. प्लासिडने टाळ रुमालात गुंडाळले आणि चालता झाला.

मी तर चांगला खणखणाट ऐकला होता. पण इग्नेशियसला सांगणार कोण? निरोप गेले, प्लासिडचं उत्तर एकच: "झोपलोय म्हणावं." इकडे इग्नेशियस अडून बसला. "तो नाही तर मी उभाच राहत नाही. दुसऱ्याच्या टाळावर मला गाता येत नाही."

रविवारी त्याची भाची रोवेना एव्हरशाईन सिटीतून त्याच्याकडे जेवायला आली, तेव्हा मीही तिथेच होतो. मुंबईत ती श्रवण आणि मेंदू यांवर संशोधन करते. भांडण ऐकून तिने मोबाइल काढला. "मामा, आवाज येतोय तोवर बोट वर ठेवा. श्रीरंगकाका, तुम्हीपण."

मोबाइलमधला सूर हळूहळू उंच चढत गेला. अर्ध्या वाटेतच इग्नेशियसचं बोट मांडीवर बसलं. मग माझं. मग खुद्द रोवेनाचं. इग्नेशियसच्या बायकोच्या, कॅथरिनवहिनींच्या मांजरीचे कान मात्र अजून मोबाइलकडेच.

"हिला काय ऐकू येतंय गं?" वहिनी म्हणाल्या.

"उंदरांची चिवचिव एवढ्याच उंच सुरात असते, मामी. तिची पेटी आपल्यापेक्षा उजवीकडे लांब."

"मांजरीच्या डोक्यात पेटी?" मी चाट.

"सगळ्याच सस्तन प्राण्यांच्या! कानात शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. उलगडली तर तुमच्या पट्ट्याच. प्रत्येक सुराची जागा ठरलेली, शेजारचा सूर शेजारी. उंच सूर दाराशी, खर्ज अगदी आत. तिथून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत चार-पाच मुक्काम लागतात, पण प्रत्येक मुक्कामी सूर आपापल्या क्रमानेच बसतात."

मला सणाची मिरवणूक आठवली. गल्लीतल्या प्रत्येक क्रुसापाशी थांबते, पण रांग मोडत नाही. कुणी लावली असेल ही रांग? मी मनातल्या मनात हात जोडले.

"आणि वयानं झिजतं ते आधी दाराशी," रोवेना म्हणाली. "टाळ तिथलेच, मामा. तुमचा खर्ज ठणठणीत आहे."

इग्नेशियसने मांजरीच्या कानांकडे पाहिलं. "म्हणजे झोपलो होतो तो मी," म्हणाला आणि उठून चपला घातल्या. "श्रीरंग, चल."

प्लासिड वाडीत केळींना पाणी सोडत होता. "आलास? पानं आपटून दाखवू?"

इग्नेशियस त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला. "टाळ आण आणि वाजव. ऐकू आलं की बोट वर करीन."

प्लासिडने टाळ आणून वाजवले. बोट खालीच. जोरात वाजवले. शेजारचा कुत्रा भुंकला, तसं बोट चटकन वर गेलं.

"हा कुत्रा. तू कुठायस?"

प्लासिडचा चेहराच उतरला. "कधीपासून रे?"

"ठाऊक नाही. तू मागे उभा आहेस एवढ्यावरच वाटायचं, ऐकतोय." तो अजून पाठमोराच होता. "चारचौघांत बोललो तुला. चुकलं माझं."

प्लासिडने टाळ खाली ठेवले, पाण्याचं रिकामं पिंप उपडं केलं आणि तळव्याने ठेका धरला. धुम् धुम्. बोट वर गेलं. मग पाय हलू लागला. मग केळींकडे तोंड करून इग्नेशियस गाऊच लागला.

कानाच्या यंत्राची वेळ रोवेनाने घेतली, पण ती सणानंतरची. कीर्तनाला प्लासिडने बापाचा घुमट काढला, मातीच्या मडक्याला चामडं ताणलेला. टाळ कॅथरिनवहिनींनी धरले. मेंढरू सापडलं, मेंढपाळाने खांद्यावर घेतलं आणि मागून घुमट असा गरजला, की माझी पेटी त्यात बुडाली.

इग्नेशियसने मागे न वळता हात वर केला. "प्लासिड, जरा हळू! घाबरून परत पळेल ते!"

सगळा मांडव हसला. प्लासिडने मात्र आणखी जोरात थाप मारली.