हिवाळ्यातली मरळ

धम्मरत्नला साक्षीशी लग्न करायचं होतं आणि त्यासाठी मरळ पकडणं भाग होतं. साक्षीचे वडील भिवाजी जऊळक्याचे नावाजलेले गळवाले. निदान धरणावरच्या शिकारीच्या गोष्टी सांगण्यात तरी पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांची एकच अट होती, "आमाले गळवाला जवाई पाह्यजे. माह्यासमोर मरळ धरा, मंगच बोलणीले या."

धम्मरत्न निर्धास्त होता. भर पावसाळ्यात, धरण तुडुंब असताना, त्याच्या गळाला चुकून हातभर मरळ लागली होती. आयुष्यातली पहिली आणि एकुलती एक. पठ्ठ्याने ती जागा मोबाइलात जपून ठेवली. मासे घर बदलत नाहीत, अशी या वाशीमच्या कारकुनाची ठाम समजूत होती.

जानेवारीतल्या एका रविवारी तो भिवाजींना मोटरसायकलवर मागे बसवून निघाला. मोबाइलातली बाई "तुम्ही पोहोचलात" म्हणाली आणि त्याचं धाबं दणाणलं. कालव्याला पाणी सुटून धरण पार मागे सरकलं होतं. उघड्या पडलेल्या गाळात चंपत माळ्याने मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावला होता.

"काय वो, सांभार धरायले गळ आणले काय?" हातातलं खुरपं थांबवून चंपतने विचारलं.

आता कबूल करावं तर साक्षी हातची जाते. धम्मरत्नने भिवाजींकडे वळून छातीठोकपणे थाप मारली, "थंडीत मरळ मातीखाली जाते ना, काकाजी. मेथीच्या मुळापाशी."

"माहीत हाय मले," भिवाजी गंभीरपणे म्हणाले. "मेथीची ऊब लागते तिले."

धम्मरत्न चमकला. त्याने भीतभीत खडा टाकून पाहिला, "आन उन्हाळ्यात बाभळीवर चढते."

"चढते तं! म्या मागच्या साली दोन पाडल्या."

चंपत हसता हसता वाफ्यातच बसला. भिवाजींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा धम्मरत्नकडे, आणि त्यांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांची शान त्या मेथीत मातीमोल झाली होती.

"पोरा," ते हळूच म्हणाले, "म्या जनमात मासा धरला नाही. बाजारातून आणतो. साक्षीले सांगशीन काय?"

धम्मरत्नला त्यांची मनापासून दया आली. म्हातारा बिचारा अगदी त्याच्याच जातकुळीचा निघाला होता.

"कायले सांगू, काकाजी? तुमी बाभळीवरून मरळी पाडल्या, तवा खाली धोतर पसरून मीच तं उभा होतो!"

भिवाजींनी डोळे पुसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बोलणीले कधी येता, जवाईबापू?"