चौथ्या वर्षाला दिलेला शब्द

माझ्या धाकट्या भावाला सगळे कोच म्हणतात. त्याने आयुष्यात कधी चेंडू हातात धरलेला नाही. कॉम्प्युटरवर कॉलेज बास्केटबॉलचा एक गेम आहे, त्यात गेली नऊ वर्षं तो एका टीमचा कोच आहे, एवढंच. त्यात धावायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. नवे खेळाडू हेरायचे, त्यांना आपल्या कॉलेजात यायला राजी करायचं आणि कोणाला किती मिनिटं मैदानावर ठेवायचं ते ठरवायचं. यात माणूस नऊ वर्षं कसा रमतो ते मला कळत नाही. पण मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासते, तेव्हा मी न बोललेलंच बरं.

त्या रविवारी आम्ही त्याच्या घरी जमलो होतो ते बाबांच्या सहीसाठी. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. जन्मभर लोकांना वर-खाली करायची सोय केली आणि स्वतः तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात पडले. खुब्याचं हाड मोडलं. आता काठी घेऊन बाथरूमपर्यंत जातात, तेही भिंतीला विचारत विचारत. कोचने सगळं आखून ठेवलं होतं. दोन महिने बाबांनी शुश्रूषागृहात राहायचं, पायात ताकद आली की कायमचं त्याच्या घरी यायचं, आणि भाड्याच्या दोन खोल्या आत्ताच सोडून द्यायच्या. घरमालकाचा कागद टेबलावर पडला होता. एकदा सही झाली की त्या खोल्या परत मिळणार नव्हत्या.

"पूर्वेची खोली तुमची," कोच जेवताना बाबांना म्हणाला होता. "आणि शुश्रूषागृहात असाल तोवर सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी मी हजर. शब्द देतो."

बाबा खूश झाले. जेवण झाल्यावर घटकाभर आडवे झाले, आणि कोच लगेच गेम उघडून बसला. मी शेजारी खुर्ची ओढली. मॅच संपायला आठ मिनिटं होती, त्याची टीम तीन गुणांनी मागे होती, आणि त्याने आपला सगळ्यांत चांगला खेळाडू बाहेर काढून एका नवख्याला आत घातलं.

"अरे, तो चांगला खेळत होता की. त्याला का काढलंस?"

"या नव्या पोराला आणताना शब्द दिलाय ताई. मॅचला सरासरी बारा मिनिटं. सीझन संपला की गेम स्वतःच मिनिटं तपासून बघतो. कमी भरली तर पोरगं रुसतं आणि दुसऱ्या कॉलेजात जातं. वर आपलं नाव खराब. पुढच्या वर्षी कोणी दारात उभं राहत नाही."

"मग शब्द देऊच नये माणसाने."

"शब्द दिल्याशिवाय येतंय कोण?"

मग त्याने मला नीट समजावलं. मॅच चाळीस मिनिटांची, मैदानावर पाच जण, म्हणजे वाटायला मिनिटं दोनशे. त्याने कबूल केली होती दोनशे साठ.

"वरची साठ आणणार कुठून?"

"ती चौथ्या वर्षवाल्यांची." पडद्यावरचं बोट त्याने बाकावर बसलेल्या त्या चांगल्या खेळाडूकडे नेलं. "यालाही शब्द आहे, तीस मिनिटांचा. पण चौथं वर्ष म्हणजे शेवटचं. रुसून जाणार कुठे? त्याला दिलेला शब्द मोडला तर गेममध्ये काहीच होत नाही. मी तर त्यांना दोन मिनिटं जास्तच कबूल करतो. वर्षभर खुशीत राहतात बिचारे."

"म्हणजे गरज सरो, वैद्य मरो."

"अगं, गेम आहे." तो हसला. "बाकी पहिल्या तीन वर्षांतल्या कोणाचाही शब्द मी मोडलेला नाही. नऊ वर्षांत एकही नाही. बघ ना."

त्याने यादी उघडून दाखवली. खरंच एकही नव्हता.

थापाड्याला पकडता येतं, पण माझा भाऊ थापाड्या नाही. साहेबाला दिलेला शब्द तो पाळतो, बायकोला दिलेला पाळतो, मित्रांना दिलेला तर पावसापाण्यात पाळतो. यातला प्रत्येक जण उद्या त्याच्याकडे पाठ फिरवू शकतो. आईला शेवटच्या दुखण्यात त्याने रोज संध्याकाळी येण्याचा शब्द दिला होता. आई तेवीस दिवस होती, तो चारदा आला. मी तेव्हा त्याच्या कामाला दोष दिला होता.

बाबांना उठवायला आत जाताना मी पूर्वेच्या खोलीत डोकावले. भावजय शिवणाचे क्लास घेते. कापड बेतायचं भिंतभर लांबीचं नवंकोरं टेबल तिथे बसवलं होतं, आणि त्याचे पाय स्क्रूने जमिनीत पक्के केले होते. खाली भुसा अजून तसाच होता. खाट मावेल एवढी जागा त्या खोलीत उरली नव्हती.

बाबा बाहेर आले, चष्मा लावून कागद दोनदा वाचला. कोच कॉम्प्युटर बंद करून अदबीने पेन घेऊन उभा राहिला. पेन हातात घेऊन बाबा माझ्याकडे वळले. त्यांनी मला कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही.

"हा दोन महिने म्हणतोय. तुला खरं वाटतं का गं?"

'सही करू नका' एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की लागलीच 'माझ्याकडे चला' म्हणावं लागलं असतं. माझी दुकानाच्या वरची एक खोली, तिचा लोखंडी जिना, रात्री त्यांना उठवायला लागणारे माझे हात, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. मला ते नको होतं. लाज वाटली, तरीही नको होतं.

"कोच शब्दाचा पक्का आहे, बाबा," मी म्हणाले. "नऊ वर्षांत एकही मोडलेला नाही."

कोचने चमकून माझ्याकडे पाहिलं आणि मग नजर खाली वळवली. बाबांचं पेन अजून कागदावर टेकलं नव्हतं.

"आणि रविवारी मी येईनच की," मी म्हणाले. "दर रविवारी, सकाळपासून."

त्यांचा चेहरा खुलला. "मग काय हवंय," असं म्हणून त्यांनी सावकाश, पूर्ण नावाची सही केली. रविवारी आमच्या दुकानात सगळ्यांत जास्त गर्दी असते. त्या दिवसाची सुट्टीसुद्धा मी मालकाच्या हातापाया पडून मिळवली होती.