दाराच्या उंचीवर

निघताना आमचं गाव सव्वीस किलोमीटरवर होतं. तासभर जीप पळाल्यावर ते एकतीसवर गेलं. रस्त्याकडेचा दगड मी स्वतः वाचला, चष्मा पुसून वाचला. मांडीवर मधमाश्यांची पेटी, पेटीवर ओला गोणपाट, त्याचं पाणी झिरपून माझी साडी चिंब, आणि गाव आपलं मागं सरकतंय. आता काय बोलायचं!

चूक माझीच, हे आधीच सांगून टाकते. ज्यांच्याकडून पेटी घेतली त्या उतेकर नानांनी दोनदा बजावलं होतं, "मालन, दिवस मावळू दे. सगळ्या माश्या आत आल्या की मगच तोंड बंद कर." पण मावळेपर्यंत थांबलं की शेवटची वडापची जीप जाणार. घरी माझी सोनल. आठ वर्षांची आहे, मी आल्याशिवाय घास घेत नाही. आणि खरं सांगायचं तर मला थांबणं जमतच नाही, जन्माची उतावळी मी. पाचलाच पेटीच्या तोंडात गवताचा बोळा कोंबला, वरून जाळी ठोकली. पेटी उचलली आणि पंधरा-वीस माश्या रानातून परतल्या. पेटी होती त्या दगडावर, रिकाम्या हवेत, बरोब्बर दाराच्या उंचीवर घिरट्या घालू लागल्या.

"ह्यांचं काय करायचं?" मी विचारलं.

"त्या जागा सोडत नाहीत," नाना म्हणाले आणि हात धुवायला गेले.

घाटाच्या पहिल्या वळणावर नानांचं अंगण पुन्हा आलं. दुसऱ्या वळणावरही आलं. तोच दगड, त्याच माश्या, हात धूत असलेले नाना. मी तोंड फिरवून घेतलं. जीपमधल्या बाकीच्यांची गावं मात्र वेळेवर येत होती. लोक पिशव्या सांभाळत उतरत होते. मला त्यांचा भयंकर राग आला.

"वहिनी, सगळ्या घेतल्या ना?" रामदास ड्रायव्हरने आरशातून विचारलं.

"तू पुढं बघून चालव."

"मागं वळू का? पाचच वाजलेत अजून."

घड्याळात पाचच वाजले होते. ऊनही जागचं हललं नव्हतं. वळले असते तर आणता आल्या असत्या, हे मला तेव्हाही कळत होतं.

"नको. पोरगी उपाशी बसली असंल माझी."

पुढच्या दगडावर छत्तीस होते.

मग जीप अरुंद व्हायला लागली. गुडघे रामदासच्या पाठीला टेकले. खिडकी पाटीएवढी झाली, मग तळहाताएवढी, आणि तिला जाळी होती. आत भट्टी पेटल्यागत उकडत होतं. पेटी तापली की मेण वितळतं, पोळी कोसळतात, राणी चेंगरते आणि सगळा खेळ संपतो. हे नानांनी फक्त मला सांगितलं होतं. तरी उरलेल्या तीन बायका न सांगता पेटीकडे वळल्या आणि पदराने वारा घालू लागल्या, तिघी एका लयीत. "अगं बायांनो, उपकार झाले," मी म्हटलं. त्यांच्या गळ्यातून बारीक गुणगुण येत होती.

रामदासने गाडी उभी केली.

"मला फक्त एवढंच सांगा. सगळ्या आल्या होत्या का? मग पोचवतो."

पेटी हाताला चटके देत होती.

"आल्या होत्या," मी म्हटलं. "सगळ्या आल्या होत्या बाबा. चल."

पुढच्या दगडावर शून्य होतं.

आमच्या दारात ट्रक लागला होता. चार माणसं आमचं घर ट्रकवर चढवत होती. घर कौलांसकट नीट उचललं होतं, एक कौल हललं नव्हतं. दाराच्या फटीत गवत कोंबलेलं, खिडकीला जाळी ठोकलेली. जाळीतून सोनलची बोटं बाहेर आली होती.

"आई, आत लई उकडतंय गं."

"आले मी, आले! दार काढा आधी!" मी ओरडले.

"पेटी द्या इकडं," एक माणूस म्हणाला. हात भाजत होते, मी दिली. त्याने ती ट्रकवर, घराला टेकवून ठेवली. मी गोणपाट हिसकून घेतला आणि सोनलच्या खिडकीवर टाकला. निदान तेवढा तरी गारवा. तिने आतून त्याला गाल लावला असावा. तिथे गोणपाट जरासा फुगला.

माझी सासू, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, ट्रकच्या ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. मांडीवर देवाची पेटी.

"सगळी आली का?" ड्रायव्हरने विचारलं.

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, नाही बघितलं असं म्हणता येणार नाही. मग त्यांनी वर उन्हाकडे बघितलं.

"आली," त्या म्हणाल्या. "सगळी आली. चला, उशीर होतोय."

ट्रक निघाला. मी पळाले, पण अंगणाच्या पुढे पाय जाईना. कडेपर्यंत गेले की वळून परत घराच्या जागेवर. तिथे आता सारवलेल्या जमिनीचा कोरडा चौकोन होता आणि मधोमध चुलीचा काळा डाग. बराच वेळ गोणपाट दिसत होता, मग तोही वळणाआड गेला.

थोड्या वेळाने नानांकडच्या माश्या आल्या, पंधरा-वीसच. मी हात पुढे केलेला होता, दाराची कडी असायची तेवढ्या उंचीवर. त्या हाताभोवती फिरू लागल्या, आणि मीही.