बाहेरचं कुलूप

प्रूफवाल्या बाईंनी टॅबलेटच्या काचेवर स्टीलची पट्टी ठेवली आणि ओळ पुन्हा वाचली. ‘दार बंद होतं.’ पट्टी वर सरकवून पाहिली, खाली सरकवून पाहिली, चष्मा पुसून पाहिला. ओळ तेवढीच राहिली.

दार बंद होतं, हे काय वाक्य झालं? दारं काय, रोजच बंद होतात आणि रोज उघडतात. त्या ठिकाणी जे वाक्य होतं ते बाईंना पाठ होतं. सत्त्याऐंशीव्या पानावर, खालून चौथी ओळ: ‘दाराला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली मॅनेजरच्या खिशात होती.’

बाईंनी एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली होती. निवृत्त होऊन जमाना झाला तरी खोड गेली नव्हती. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा त्या लाल पेन हातात घेऊनच वाचत, आणि लिफ्टमधल्या सूचनेतल्या चुका दुरुस्त केल्याबद्दल इमारतीच्या सेक्रेटरींनी त्यांना एकदा हात जोडले होते. त्यामुळे सगळी इमारत त्यांना प्रूफवाल्या बाई म्हणे, आणि त्यांनाही ते आवडे.

पण हे पुस्तक परक्याचं नव्हतं. त्यांच्या यजमानांनी आयुष्यात लिहिलेलं ते एकुलतं एक पुस्तक. ते रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखान्याला आग लागली आणि गोदामात अकरा माणसं गेली, त्याची हकीकत त्यांनी एकशे बारा पानांत लिहून काढली. छापखान्याच्या मालकांनी नेमकं ते कुलपाचं वाक्य निळ्या पेन्सिलीने काटलं. कारखान्याची कॅलेंडरं त्यांच्याकडेच छापून होत, पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार! लेखकाने हात टेकले. बाईंनी नाही टेकले. चार दिवस त्या मालकांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या, पाचव्या दिवशी वाक्य छापलं गेलं, आणि वर्षाच्या आत लेखकाचं आणि प्रूफवाल्या बाईंचं लग्न झालं.

त्यांनी मुलीला फोन लावला. मुलगी पन्नाशीला आलेली, दुसऱ्या शहरात मोठ्या ऑफिसात मोठ्या खुर्चीवर. पण वडिलांनी ठकी म्हटलं ते नाव घरात कायमचं चिकटलं.

“ठके, बाबांच्या पुस्तकातलं वाक्य बदललंय.”

“कोणी बदललं?”

“तेच तर तुला विचारतेय. कुलूप गेलं. नुसतं दार बंद होतं म्हणे.”

“आई, थांब, आपलं खातं एकच आहे, माझ्याकडेही दिसतं ते पुस्तक.” पलीकडे काही क्षण टकटक झाली. “हं, दार बंद होतं. आणि बाजूला तुझीच नोंद आहे की. ‘हे वाक्य राहावं म्हणून चार दिवस भांडले.’ म्हणजे हेच वाक्य ना?”

बाईंनी टॅबलेट जवळ ओढला. नोंद खरंच तिथे होती, त्यांनीच दोन वर्षांपूर्वी एका बोटाने टाइप केलेली. ‘दार बंद होतं’ या वाक्यासाठी चार दिवस भांडणारी बाई वेडीच म्हटली पाहिजे.

“मी ह्यासाठी भांडेन का गं?”

ठकी लगेच बोलली नाही. हे गप्प राहणं बाईंच्या ओळखीचं झालं होतं. मागे एकदा दूध गॅसवर ठेवून त्या शेजारी गप्पा मारत बसल्या आणि भांड्याचा कोळसा झाला, तेव्हापासून ठकीच्या बोलण्यात अशा फटी पडू लागल्या होत्या.

“आई, शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय ना आपण? त्यांना हेही सांगू. नुसती स्मरणशक्तीची तपासणी आहे, घाबरायचं काही नाही.”

घाबरायचं कसं नाही? तपासणीचा निकाल वाईट आला तर हे घर बंद करून ठकीच्या घराजवळच्या वृद्धांच्या वसतिगृहात जायचं, असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे ठकीने ठरवलं होतं आणि बाईंनी मान हलवली होती. पण घर गेल्याचं दुःख एक वेळ गिळता आलं असतं. आपल्याला जे पक्कं आठवतं ते मुळात झालंच नव्हतं, हे कसं गिळायचं?

घरात छापील प्रत नव्हती. तीन वर्षांपूर्वी त्या या लहान फ्लॅटमध्ये आल्या, तेव्हा ठकीने चार दिवस रजा काढून घरातला कागद निकालात काढला होता. पुस्तकांच्या जागी टॅबलेट आला. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं म्हणून बाईही खूश झाल्या. ठकी होस्टेलवर असताना बाबांनी तिला पाठवलेली दोनशेच्या वर पत्रं तिने स्वतः बसून एकेक करून स्कॅन केली आणि कागद रद्दीत दिले. “आता वाळवीचं भय नाही,” ती म्हणाली होती. ती पत्रं बापलेकीतली. घरातला तेवढा एकच मजकूर बाईंनी कधी वाचला नव्हता की तपासला नव्हता.

त्यांनी पुस्तकं पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला. बरीच बटणं दाबल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली.

“आजी, तुम्ही पुस्तक विकत घेतलेलं नाही. ते वाचायची परवानगी घेतली आहे.”

“बरं बाई, परवानगी. मग ज्याची परवानगी घेतली ते कुठे गेलं?”

“तेच तर आहे तुमच्याकडे. पहिली आवृत्ती.”

“पहिल्या आवृत्तीची प्रुफं मी तपासलीत.”

“हो का? छान!” मुलगी मनापासून म्हणाली. “नव्या नियमाप्रमाणे पडताळणी न झालेले आरोप मजकुरात ठेवता येत नाहीत, आजी. ते आपोआप दुरुस्त होतं. तुम्हाला काहीच करावं लागत नाही.”

“मग आधी काय होतं तेवढं मला दाखवा. म्हणजे माझ्या मुलीला सांगता येईल.”

“आम्हाला आत्ताचंच दिसतं. आधीचं असं काही नसतं.”

तिने आणखी काही मदत हवी का विचारलं, आणि बाईंच्या तोंडून सवयीने “नको, आभारी आहे” निघून गेलं. फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कपड्यांच्या घड्या करताना त्यांना पेटी आठवली. छापखान्यात वाया गेलेली प्रुफं कोणी टाकून देत नसे. फळ्यांवर अंथरायला, डब्यांत घालायला, वह्यांना कव्हर घालायला ती घरी नेत. लग्नाच्या वर्षी घेतलेल्या लोखंडी पेटीला बाईंनी आतून खळ लावून प्रुफंच चिकटवली होती, ब्लँकेटांना गंज लागू नये म्हणून. ठकीच्या तावडीतून पेटी सुटली ती ब्लँकेटांमुळे.

बाईंनी ब्लँकेटं उपसून पलंगावर टाकली, टॉर्च घेतला आणि गुडघे कुरकुरत असताना खाली बसल्या. पान डाव्या बाजूला सापडलं, तेही उलटं चिकटवलेलं. पण छापखान्यात जन्म काढलेल्या माणसाला उलटं काय आणि सुलटं काय! गंजाचा एक तपकिरी डाग सोडला तर अक्षर न् अक्षर शाबूत होतं. दाराला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली मॅनेजरच्या खिशात होती. वाक्यावरून मालकांची निळी रेघ गेली होती. रेघेखाली बाईंची लाल टिंबं होती. काटलेलं पुन्हा घ्यायचं असेल तर अशी टिंबं देत. आणि समासात त्यांच्याच तरुण, ठसठशीत अक्षरात: ‘तसंच ठेवा.’

बाईंना हसू आलं आणि डोळेही भरून आले. “वेड नाही लागलं हो मला,” त्या यजमानांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या.

त्यांनी फोनने फोटो काढला. पडद्यावर एक वर्तुळ क्षणभर फिरलं, ‘मजकूर स्पष्ट केला आहे’ असं खाली आलं. फोटो ठकीला गेला. पाच मिनिटांत उत्तर आलं.

‘आई, कुठे मिळालं हे? मस्तच. पण बघ ना, दार बंद होतं असंच आहे की यात. तू त्रास करून घेऊ नकोस. शनिवारी येतेच.’

बाईंनी फोटो उघडला. पान सुलटं झालं होतं. गंजाचा डाग नव्हता, कागद परवा छापल्यासारखा पांढरा होता. निळी रेघ नव्हती, लाल टिंबं नव्हती. छपाईच्या शिशाच्या खिळ्यांचा ठसा तोच, शाई तीच, आणि खालून चौथ्या ओळीत ‘दार बंद होतं.’ समासात त्यांचं अक्षर मात्र जसंच्या तसं होतं. ‘तसंच ठेवा.’

त्यांनी पेटीत पाहिलं. कुलूप होतं. फोनमध्ये पाहिलं. नव्हतं. पुन्हा पेटीत पाहिलं, आणि मग त्यांना भीती वाटली. यजमान गेले त्या दिवसानंतर असं वाटलं नव्हतं. दिव्याला वारा लागू नये म्हणून धरावा तसा त्यांनी त्या ओळीवर तळहात धरला.

ठकीला त्यांनी एवढंच कळवलं, ‘ये.’ त्या दिवसापासून फोन आणि टॅबलेट स्वयंपाकघरात राहू लागले, मधलं दार लावून. आपण एका फोनपासून कागद लपवतोय, हे डॉक्टरांना सांगितलं तर तपासणी करायचीही गरज उरणार नाही, हे त्यांना कळत होतं.

शनिवारी ठकी सकाळीच आली. बारा वाजता डॉक्टरांकडे पोचायचं होतं. पलंगावर ब्लँकेटांचा ढीग आणि मधोमध उघडी पेटी पाहून तिचा चेहरा पडला.

“आई, हे काय मांडून ठेवलंयस?”

“फोन स्वयंपाकघरात ठेवून ये.”

“अगं पण...”

“एवढं एक ऐक. मग तू म्हणशील तिथे येते. वसतिगृहातसुद्धा.”

ठकी फोन ठेवून आली. आईचं मन राखायचं म्हणून ती पेटीपाशी बसली, मान वाकडी केली, पण उलटी अक्षरं तिला लागेनात. बाईंनी शेजारी बसून ओळीला पट्टी लावली आणि एकेका शब्दावर बोट ठेवलं. ठकी लहान मुलासारखी वाचत गेली.

“दाराला... बाहेरून... कुलूप...”

ती थांबली. उरलेलं मनातल्या मनात वाचलं. मग नखाने कागदाची कड हळूच खरवडून पाहिली. खळ जुनी होती, कागद जुना होता, शाई कागदात मुरलेली होती.

“पण फोटोत तर...”

“हो.”

“मी नीट पाहिला होता गं. मोठा करून पाहिला होता.”

“माहीत आहे.”

बाईंना वाटलं होतं की या क्षणी आपल्याला आनंद होईल. तीन दिवस त्या याच क्षणाची वाट पाहत होत्या. पण ठकी उठली आणि ब्लँकेटं बाजूला न करता त्यांच्यावरच मटकन बसली.

“आई, बाबांची पत्रं.”

बाईंनी हातातली पट्टी खाली ठेवली.

“दर वाढदिवसाला मी एक वाचते. गेल्या वर्षी वाचताना मला वाटलं, बाबा किती शांतपणे लिहायचे. कारखान्याबद्दल, मॅनेजरबद्दल, आगीच्या खटल्याबद्दलसुद्धा. मला इतकं बरं वाटलं. वाटलं, आपण उगाच समजत होतो की बाबा चिडके होते.” तिने आईकडे पाहिलं. “चिडायचे ना गं ते?”

“चिडायचे. ताट बाजूला सारून उठायचे.”

“पत्रातही चिडायचे. एकदा तर इतकं चिडून लिहिलं होतं, मी ते मैत्रिणींना वाचून दाखवलं होतं. आम्ही सगळ्या रडलो होतो.” ठकीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. “दोनशे सतरा पत्रं होती. मी माझ्या हाताने रद्दीत दिली.”

स्वयंपाकघरात फोन वाजू लागला. दवाखान्यातला असेल, निघालात का म्हणून विचारायला. कोणीच उठलं नाही. वाजून वाजून तो बंद झाला.

बाईंनी टेबलाच्या खणातून कोरे कागद काढले, लाल पेनाचं टोपण उघडलं आणि मुलीसमोर बसल्या.

“ते चिडून लिहिलेलं पत्र. जेवढं आठवतंय तेवढं सांग. मी लिहून घेते.”

ठकीने डोळे मिटले. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. बाई पेन टेकवून वाट पाहत राहिल्या.

“‘प्रिय ठकी,’” ती म्हणाली. मग डोळे उघडून तिने आईकडे पाहिलं. “की नुसतंच ‘ठके’ लिहायचे गं?”

बाईंना ते माहीत नव्हतं.