माझ्या पोटातली चिठ्ठी

मी एक जुना लाकडी कर्णा आहे. गरोदर बाईच्या पोटावर माझे रुंद तोंड टेकवायचे, दुसऱ्या टोकाला कान लावायचा, की बाळाच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. शिसवीतून मला कातले. उरणजवळच्या एका गावात सगुणाआजी सुईण होती. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी निवृत्त होताना मला तिच्या हाती दिले. चाळीस वर्षे आम्ही दोघांनी घरोघर ठोके ऐकले. मिठागरावरच्या बाया म्हणत, "सगुणाचा कर्णा खोटं बोलत न्हाय." मित्रांनो, त्या कौतुकाने मी फुगलो.

मग आजीची नातसून मृणाली गरोदर राहिली. सातव्या महिन्यात उरणच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. बाळाची वाढ कमी होती. आई आणि पोटातले बाळ, दोघांना तपासणाऱ्या पनवेलच्या खास डॉक्टरांचे नाव त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले आणि त्या रजेवर गेल्या.

आजीच्या मनाला ते लागले. "ठोका घोड्यावानी पळतोय. आणखी कनचा डॉक्टर?" असे म्हणून तिने चिठ्ठीची सुरळी केली आणि गुपचूप माझ्या पोकळीत खोल कोंबली.

मृणालीचा नवरा, आजीचा नातू हितेश, कंटेनरचा ट्रक चालवतो. चिठ्ठी सापडेना, म्हणून आठ दिवस तो बंदरावर ज्याला त्याला विचारत राहिला, "अरे, पोटातल्या बाळाचा डॉक्टर कोण ठाऊक हाय का?" नाव माझ्या पोटात होते. मला वाचा नव्हती.

नवव्या दिवशी सकाळी मृणाली म्हणाली, "आजी, बाळ आज हललंच नाही."

घाबरलेल्या आजीने मला तिच्या पोटावर टेकवले. काहीच ऐकू येईना. "ठोका न्हाय गो!" तिने मला झटकले, आत बोट घातले आणि आवाज अडवणारी चिठ्ठी बाहेर आली.

हितेश एवढेच म्हणाला, "आजी, तू?"

पनवेलच्या डॉक्टरांना ठोका सापडला, पण मंद. त्यांनी विचारले, "इतके दिवस का थांबलात?" तेव्हा आजी मृणालीच्या पुढे झाली. "हिचा दोष न्हाय. चिठ्ठी मी लपवली."

त्याच दिवशी मुलगी झाली. दोन ओंजळींएवढी. महिनाभर काचेच्या पेटीत राहून ती घरी आली. आज ती मला पिपाणी समजून फुंकते, तेव्हा मला फार लाज वाटते. ठोका ऐकणे मला येत होते. पण ते बाळ पोटात उपाशी आहे, म्हणून वाढत नाही, हे मला कधीच ऐकू आले नसते.

परवा शेजारची प्रणाली पोट दाखवायला आली. आजीने मला हातही लावला नाही. म्हणाली, "आधी डॉक्टरची चिठ्ठी दाखव."

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण त्यांच्या मानापायी कुणाची वाट अडवू नका.