नावापुढची तिरकी रेघ

पुष्पलता गजभिये आमच्याकडे साडेदहाला यायची आणि साडेअकराला उठायची. बाराला तिचा कॉलेजात तास असे. माझं मौनही बारापर्यंतचं. हे गेले त्याला चौदा वर्षं झाली; तेव्हापासून पोथी, माळ, तुळशीचं पाणी होऊन सूर्य डोक्यावर येईस्तोवर मी बोलत नाही. त्यामुळे महिनाभर ती आली आणि मी तिला चहा दिला, एवढंच आमचं नातं.

इतवारीतल्या आमच्या कापडदुकानाच्या जुन्या वह्या माडीवर लाल फडक्यात बांधलेल्या होत्या. दिवाळीला त्यांना हळदकुंकू व्हायचं, उघडत कोणी नव्हतं. पुष्पलताला नागपूरच्या हातमागाच्या कापडाचा इतिहास लिहायचा होता, पीएच.डी.साठी. मोडी वाचायला ती स्वतःच शिकली होती. ओसरीवर बसून चौतीस ते एकोणचाळीस सालची खरेदी पेन्सिलीनं उतरवून घ्यायची. कोणी विणलं, किती लुगडी, काय भाव.

एक दिवस तिनं माझ्या दिरांना, रुपरावांना, थांबवलं.

"काका, काही नावांपुढं ही तिरकी रेघ आहे. रेघवाल्याले लुगड्यामागं दोन आणे कमी देल्ले. काहून?"

"हलका माल असन," रुपराव पायात चपला सरकवत म्हणाले. "आमचा बाप मोठा पारखी. खूण करून ठेवत असन."

"पण रेघवाले सारे पाचपावलीकडचे आहेत."

"मंग तिकडं हलकंच विणत असतीन."

"त्यात माझ्या आजोबाचं नाव आहे. धोंडबा गजभिये. छप्पन साली दीक्षा घेतली तरी माग सोडला नव्हता त्यायनं."

"तर लिही न वं, आजोबाचा माल हलका होता म्हणून. इतिहासात लाड नाही चालत." मग माझ्याकडे बघून हसले. "वहिनीले ठाऊक असन. पण बाराच्या आत वहिनीले विचारणं म्हंजे बंद दुकानात भाव करणं."

मी कपबश्या उचलून आत गेले.

रुपराव तेव्हा पाळण्यात होते. मी चौदा वर्षांची, नवी सून. पाचपावलीचे विणकर मागच्या दारानं यायचे, लुगड्यांची चळत अंगणातल्या फरशीवर ठेवून लांब उभे राहायचे. विटाळ फिटावा म्हणून मी तुळशीच्या पानानं पाणी शिंपडायची. "झालं," म्हणायची. मग मुनीमजी नावापुढं तिरकी रेघ ओढायचे, माल घरात घ्यायला मोकळा झाला म्हणून. आणि भावातून दोन आणे कापायचे. एवढीच ती रेघ.

पुष्पलतानं रेघेचं विचारलं, त्या दिवसापासून माळ हातात ठरेना. किती मणी झाले ते विसरायचं, पुन्हा पहिल्यापासून. पोथीचं पान उलटल्यावर कळायचं, आधीचं वाचलंच नाही. दुपारी मौन सुटायचं तेव्हा ती गेलेली असायची. कोणाला सांगणार, म्हणून मी स्वतःची समजूत घालायची. पण संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर तिला निरोप पाठवता आला असता. तो मी पाठवला नाही. मौनाच्या आड बसणं सोयीचं होतं, हे देवापुढं बसून नाकारता येईना.

शनिवारी ती वह्या बांधायला लागली.

"झालं काकू माझं. सोमवारी प्रकरण सरांकडं देऊन राहिली. ऐकता?" आणि वाचून दाखवलं, "नावापुढील तिरकी रेघ ही हलक्या प्रतीच्या मालाची खूण असावी."

वाचताना आवाज सपाट होता. वाचून झाल्यावर तिनं पेन्सिलीचं टोक उगाच नखानं खरवडलं.

घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

"रेघ मालाची नोहे," मी म्हटलं. चौदा वर्षांत त्या वेळी न निघालेला आवाज, घोगरा आला. "माल शिंपडून घेतला, त्याची आहे."

तिनं मान वर केली. मी माडीवर गेले, खालच्या गठ्ठ्यातली विक्रीची वही काढून तिच्यापुढं ठेवली. "खरेदीच पाह्यली तू. विकरी पाह्य. गिऱ्हाइकाले साऱ्यायचं एकाच भावानं गेलं. हलकं असतं तर गेलं असतं काय?"

ती बोट फिरवत पानामागून पान वाचत गेली. बराच वेळ.

"पाणी कोण शिंपडे?"

"मी."

"आणखीन कोणी?"

"कोणी नाही. मीच."

मला वाटलं, ती उठून जाईल. तिनं वहीचं कोरं पान काढलं. "पूर्ण नाव सांगा. तवाचं वय सांगा."

"नाव छापशीन?"

"छापा लागन. साक्ष कोणाची हे नाही लिहिलं तर मानन कोण?"

घरापुढच्या दुकानातून रुपरावांची हाक आली, "वहिनी, कोणासंग बोलून राहिल्या?" मी पुष्पलताकडेच तोंड करून वडिलांचं नाव सांगितलं, यांचं सांगितलं, माझं यमुना, वय चौदा. तिनं लिहिलं. माझ्याकडे बघितलं नाही. चहावर साय धरली होती; तिनं कप बाजूला सारला.

"आजोबाचं लुगडं कसं असे?"

"जाड. पण धू-धू मऊ येई. आमच्या सासूबाई रोजच्याले तेच नेसत."

पेन्सिल थांबली.

"ते पण लिही," मी म्हटलं.

गिरणीचा बाराचा भोंगा झाला. तिचा तास बुडाला होता. ती लिहीत होती.